अर्धा तास फक्त!

मंडळी, परवा शिरवळला भाची शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला वाचनालयात गेली आणि रडवेली होऊन परत आली. संगणकावर पाटी : 'वेळ अर्धा तास.' ओटीपी येईपर्यंत वेळ संपला! शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उठवलं.

नियम हवेतच हो. सायबर कॅफेंसाठीच्या २०११ च्या नियमांतही ओळखपत्र, वर्षभर जपायची नोंदवही, साडेचार फुटांपर्यंतचेच आडोसे, सगळं आहे. पण 'अर्ध्या तासात उठवा' त्यात कुठे आहे? वाचकाचा वेळ वाचवा, हे तर रंगनाथनांनी १९३१ सालीच ग्रंथालयांना सांगून ठेवलंय. इथे वाचकाचाच वेळ कापतात!

घरी संगणक असलेल्यांना ही पाटी टोचत नाही. कारखान्यांतल्या कामगारांच्या पोरांना टोचते. रांग असेल तर उठवा की, कोण नाही म्हणतंय?

भाचीने शेवटी बाजारातल्या दुकानात पैसे मोजून फॉर्म भरला.