मोटारीचा चोविसावा हिस्सा

परवा एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. हातात बुटांचा रिकामा खोका होता आणि चेहऱ्यावर त्रागा. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास बरा आहे, वर्तन चांगले आहे. पण रात्री जेवण झाले की खोलीचे दार लावून घेतो आणि चिमुकल्या मोटारी जोडत बसतो. ‘‘संपादकसाहेब, ह्या नव्या व्यसनावर तुम्ही एकदा कडक शब्दांत लिहाच,’’ असे म्हणून त्यांनी तो खोका आमच्या टेबलावर ठेवला आणि पुरावा म्हणून उघडला.

आत कापसाच्या गादीवर एक ॲम्बेसिडर होती. वितीपेक्षा थोडी तोकडी. काळे अंग, पिवळे छप्पर. जत्रेच्या फेरीत मिळणाऱ्या, मागे ओढून सोडली की पळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यापासून मुलाने तिची सुरुवात केली होती; पण मूळचे त्यात फारसे काही उरले नव्हते. चारी दारे सुरीने कापून टाचणीच्या बिजागऱ्यांवर बसविली होती. बॉनेट उचलले की आत इंजिन, त्यावर टेलिफोनच्या तारेतील केसासारख्या तंतूंनी केलेल्या चार ठिणगी-तारा. सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला गिअरचा दांडा, पुढचे सलग बाकासारखे आसन, त्यावर रेक्झिनच्या शिवणी. क्रमांकाच्या पाटीवर ‘जीडीए’ ही जुनी अक्षरे. अशा आठ महिन्यांच्या रात्री त्या खोक्यात होत्या. ज्या हेतूने हे गृहस्थ आले त्याच्या अगदी उलट हा अग्रलेख निघत आहे, याबद्दल त्यांनी आम्हांला क्षमा करावी.

ज्या वाचकांचा या छंदाशी परिचय नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे आवश्यक आहे. बाजारात मिळणारी धातूची तयार मोटार विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडणे हा एक प्रकार; त्याला संग्रह म्हणावे. तो वाईट नाही, पण त्यात पाकीट श्रमते, हात श्रमत नाहीत. आमच्यापुढे आहे तो दुसरा प्रकार: सुट्या भागांतून, किंवा अगदी कोऱ्या पत्र्यातून, मूळ वाहनाची प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याचा. येथे पहिला आणि शेवटचा कायदा प्रमाणाचा. एकास चोवीस हे प्रमाण घेतले, म्हणजे मूळ मोटारीचा एक फूट तो प्रतिकृतीचा अर्धा इंच. सव्वाचार मीटरांहून किंचित लांब असलेली ॲम्बेसिडर या हिशेबाने अठरा सेंटिमीटरांची होते. एकास त्रेचाळीस हे विचित्र वाटणारे प्रमाण खेळण्यातल्या रेल्वेकडून आले. रुळांशेजारी उभ्या राहणाऱ्या मोटारी त्या मापाच्या हव्या होत्या.

परंतु माप लहान करणे हे या विद्येचे केवळ दार आहे. खरी अडचण पुढे आहे. मोटार चोवीसपट लहान होते, पण रंग लहान होत नाही. प्रतिकृतीवर रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड बसला, तर मूळ मोटारीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटरांचा लेप ठरेल. दाराच्या फटी बुजतील, कडा बोथट होतील आणि डोळा तात्काळ म्हणेल, हे खेळणे आहे. चंदेरी रंगातील धातूचे कणसुद्धा प्रतिकृतीवर वाटाण्याएवढे भासतात. म्हणून रंग पाण्यासारखा पातळ करून, हवेच्या दाबाने फवारून, एकावर एक झिरझिरीत थर द्यावे लागतात. प्रत्येक थर वाळू द्यायचा, चारशे, आठशे, हजार, दोन हजार अशा चढत्या क्रमांकाच्या पॉलिश कागदांनी पाण्यात बुडवून घासायचा, पुन्हा थर. धूळ बसली की मागे फिरून आरंभ. घाई केली की बोटाचा ठसा कायमचा उमटतो. क्रोमच्या पट्ट्यांसाठी रंग चालत नाही. अतिशय पातळ धातूचा वर्ख चिकटवून धारदार पात्याने कडेकडेने कापावा लागतो. हे सारे करणाऱ्या तरुणाला त्याचा पिता उतावळा आणि बेजबाबदार म्हणतो तेव्हा आम्हांला थोडे हसू येते.

इंग्लंडात १९५२ च्या सुमारास जॅक ओडेल नावाच्या कारागिराने आपल्या मुलीसाठी पितळेचा एक इवलासा रस्ता-रोलर बनविला, कारण तिच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती. त्यातून पुढे ‘मॅचबॉक्स’ मोटारींचा जगभर पसरलेला धंदा उभा राहिला, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती अमेरिकेतील हकिगत. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही संस्था काढली आणि १९६८ पर्यंत चालविली. आरंभी नेपोलियनच्या शाही बग्गीची प्रतिकृती करण्याची स्पर्धा असे: लाकूड, धातू, कापड, चामडे, सगळे मुलाने स्वतः घडवायचे. पुढे स्वतःच्या कल्पनेतील मोटारीची प्रतिकृती मागविली जाऊ लागली. बक्षीस म्हणून विद्यापीठाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. १९४७ चा विजेता चक जॉर्डन हा पुढे त्याच कंपनीच्या आरेखन विभागाचा उपाध्यक्ष झाला, आणि त्या स्पर्धांतून वर आलेली कितीतरी मुले अमेरिकेच्या मोटार उद्योगात आरेखक म्हणून शिरली. मुलींना मात्र त्या स्पर्धेत स्थान नव्हते. हा त्या काळाचा आंधळेपणा. त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही. पण हाताने लाकूड तासणाऱ्या पोराच्या डोक्यात उद्याची मोटार असू शकते, हे एका व्यापारी कंपनीला कळले होते. आपल्या शिक्षणखात्यांना ते कधी कळणार?

जपानचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. शिझुओका हे शहर पूर्वापार लाकूडकामाचे. १९४६ मध्ये तेथे तामिया यांची लाकूड कापण्याची वखार निघाली. तीतून लाकडी जहाजांचे आणि विमानांचे खेळसंच निघू लागले. मग प्लॅस्टिकची लाट आली. लाकडाला गिऱ्हाईक उरेना. त्या घराण्याने कपाळाला हात लावला नाही. साचे बनविण्याची नवी विद्या शिकून घेतली. वखारवाल्याचे चिरंजीव शुन्साकु तामिया यांनी १९७६ च्या पोर्शे मोटारीच्या मोठ्या प्रतिकृतीसाठी खरीखुरी पोर्शे विकत घेतली आणि आतले भाग मोजता यावेत म्हणून ती खोलायला लावली. हा वेडेपणा म्हणावा की निष्ठा, ते वाचकांनीच ठरवावे. १९५९ पासून तेथे भरणाऱ्या प्रदर्शनाला आज जगभरातून रसिक जातात. तामिया २०२५ मध्ये नव्वदीत निवर्तले, तेव्हा देशोदेशींच्या पन्नाशी-साठी उलटलेल्या माणसांना आपले बालपण आठवले.

आता आपल्याकडे पाहा. आमच्या सीमेला लागून सावंतवाडी आहे, जिथल्या चिताऱ्यांची लाकडी फळे आणि खेळणी पिढ्यान् पिढ्या घरोघर गेली. इकडे कुंकळ्ळीचे लाखकाम आहे. चवथीच्या दिवसांत माशेल-कुंभारजुव्याच्या बाजूला फिरावे: पुठ्ठा, दोरी, सायकलचे चाक आणि जुनी मोटर यांच्या साहाय्याने पोरे हलते देखावे असे उभारतात की अभियंत्याने तोंडात बोट घालावे. शिगम्याच्या चित्ररथांतले राक्षस डोळे फिरवतात, पंख हलवतात. नरकासुराच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतून बांबू वाकविण्याचे जे शास्त्र चालते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. हात आहेत, डोळा आहे, उत्साह तर नको तितका आहे. जे आठ दिवसांच्या उत्सवापुरते जागे होते त्याला वर्षभर अन्न मिळत नाही, एवढेच. शाळेतला कार्यानुभवाचा तास गणिताचे गुरुजी मागून नेतात, आणि विज्ञान प्रदर्शनातली ज्वालामुखीची प्रतिकृती आई-वडील स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणतात. त्यावर परीक्षक गुण देतात हे पाहून आम्ही थक्क होतो.

याला सरकारी धोरणाचीही एक बाजू आहे. स्वस्त परदेशी खेळण्यांच्या लोंढ्याला आवर घालण्यासाठी केंद्राने खेळण्यांवरील मूळ आयातकर फेब्रुवारी २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के केला आणि २०२३ मध्ये सत्तर टक्क्यांवर नेला. १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेचा आदेशही लागू झाला. लहान मुलाने तोंडात घातलेल्या रंगात विष असू नये, ही चिंता रास्तच आहे. देशी कारागिराला संरक्षण द्यावे यालाही आमचा विरोध नाही. परंतु करांच्या कोष्टकात प्रमाणबद्ध प्रतिकृती आणि खुळखुळा हे एकाच शीर्षकाखाली बसतात. खुळखुळा देशात बनतो. अचूक साच्यांतून निघालेले पोर्शेचे किंवा जुन्या फोर्डचे सुटे भाग येथे बनत नाहीत. मग या कराने कोणाचे संरक्षण होते? दुकानदाराने असा संच आणायचा म्हटले तर तीन हजारांच्या मालावर एकवीसशे रुपये नुसता मूळ कर, त्यावर इतर कर वेगळे. मध्यमवर्गीय मुलगा दाराशीच परततो. अभियांत्रिकी आणि आरेखन यांचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी प्रतिकृती-संचांचे वेगळे उपशीर्षक करून त्यावरील कर माफक ठेवावा, अशी मागणी आमच्या खासदारांनी दिल्लीत मांडावी. आणि उद्योगखात्याला खरोखर देशी खेळणे हवे असेल तर सावंतवाडीच्या चिताऱ्याला आणि साचे घडविणाऱ्या तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्याला एका खोलीत बसवावे. शिझुओकात काही निराळे घडले नव्हते.

पालकांच्या एका तक्रारीत मात्र तथ्य आहे, ते लपविणार नाही. फवाऱ्याचा रंग आणि त्यातील पातळ करणारी द्रव्ये बंद खोलीत छातीत जाणे घातक आहे. खिडकी उघडी हवी, वारा बाहेर फेकणारा पंखा हवा, तोंडावर योग्य मुखवटा हवा. दार लावून घेण्याबद्दल पित्याने रागवावे ते या कारणासाठी. खर्चाचे म्हणाल तर महिन्याचे ठरावीक पैसे द्यावेत आणि हिशेब मागावा. सुरुवातीला महागडा संच मुळीच नको. बाजारातले खेळणे, पॉलिश कागद आणि एक धारदार पाते पुरते. इंग्लंडच्या जेरल्ड विनग्रोव्ह यांनी पत्रा आणि तार यांतून चाकांचे आरे ओवले, आणि आपली युक्ती तिजोरीत न ठेवता पुस्तके लिहून जगाला सांगितली. शिकू पाहणाऱ्याला अशी पुस्तके हवीत; आमच्या ग्रंथालयांनी ती मागवावीत.

आणखी एक गोष्ट. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बेसिडर निघणे २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस संग्रहालयांत जपल्या जातात. ज्या मोटारींनी बाळंतिणींना इस्पितळात नेले, वऱ्हाडे पोहोचविली आणि माणसांचे संसार चालविले त्या भंगारात जातात. त्यांच्या दाराची मूठ कशी होती, आतला दिवा कोठे होता, हे उद्या कोणाला सांगता येणार नाही. छायाचित्र एकाच बाजूने बोलते. खोक्यातली ती गाडी सर्व बाजूंनी बोलत होती.

ती कोणाची, हे आम्ही शेवटी विचारले. गृहस्थ जरा थांबले. त्यांच्या वडिलांची, म्हणजे मुलाच्या आजोबांची. म्हापशाच्या स्टँडवर ती बावीस वर्षे धावली. नातवाने ती पाहिलेलीही नाही; दोन जुने फोटो आणि आजीच्या आठवणी एवढ्यावर त्याने ती उभी केली. आम्ही त्यांना चहा दिला. चहा होईपर्यंत ते ती गाडी न्याहाळत होते, आणि खोक्याचे झाकण लावण्यापूर्वी त्यांनी काचेबाहेरच्या मीटरवर नखाएवढा झेंडा होता त्याच्याकडे बोट दाखविले. ‘‘हे मात्र पोराने चुकविले आहे,’’ ते म्हणाले. ‘‘झेंडा पाडलेला दाखवलाय. आमच्या बाबांनी तो जन्मात कधी पाडला नाही.’’