इन्व्हर्टरची टक्‌टक्

मैत्रिणींनो, या खेपेला स्वयंपाकघरातून थोडं बाहेर पडू या. मिरजेच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वाचल्यावर वाटलं, हे दुखणं घरोघरचं असणार. त्या लिहितात :

‘आमचा इन्व्हर्टर तीन वर्षांचा आहे. गेले दोन महिने लाइट असतानासुद्धा तो सारखा बॅटरीवर जातो. टक् असा आवाज होतो, पंखा अडखळतो, दोन मिनिटांनी पुन्हा टक्. दुरुस्तीवाल्याने बॅटरी गेली म्हणून सांगितलं. ह्यांनी १४ हजारांची नवी बॅटरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी चटणी वाटायला घेतली, तर पुन्हा टक्! मी म्हटलं, अहो, मिक्सर लावला की होतंय हे. तर म्हणाले, मिक्सर इन्व्हर्टरवर नाहीच, तुला त्यातलं काय कळतं? परवा रात्री दोनला खरंच लाइट गेले. सासूबाईंना दमा आहे. नेब्युलायझर लावायला गेले, तर बॅटरी उतरलेली. फवाऱ्याच्या पंपावर कशीबशी रात्र काढली. आता मी काय करू?’

ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मिक्सर लावला की होतं, हे तुम्ही बरोबर हेरलंत.

इन्व्हर्टरचं काम सोपं असतं. भिंतीतून येणाऱ्या विजेवर त्याची नजर असते. ती ठीक असली, तर तीच वीज तो पुढे पाठवतो आणि बॅटरीही भरतो. वीज गेली की बॅटरीवर जातो. पण वीज असूनही तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, फार कमी किंवा फार जास्त झालं, तरी त्याच्या लेखी ती ‘गेलेली’च. खालच्या बिऱ्हाडाने नळ सोडला की वरची धार बारीक होते ना, तसंच हे. पाणी बंद झालेलं नसतं, पण हंडा काही भरत नाही. तेव्हा इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो, तो बहुतेक वेळा बॅटरीच्या दोषाने नव्हे. त्याच्यापर्यंत येणारी वीज धड पोचत नाही म्हणून. बॅटरी खराब असेल तर लाइट गेल्यावर ती लवकर संपेल. लाइट असताना टक्‌टक् होण्याशी तिचा संबंध क्वचितच.

मग शोध कुठे घ्यायचा? घरच्या घरी, एकही स्क्रू न उघडता, एवढं पाहता येतं.

१. टक् झालं की आधी फ्रीज उघडून बघा. फ्रीज सहसा इन्व्हर्टरवर नसतो. आतला दिवा नीट लागला, तर घरात वीज आहे, दोष इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. दिवा मंद लागला, तर व्होल्टेज पडलं आहे. लागलाच नाही, तर वीज किंवा त्या बाजूचा फेज गेला आहे, नाहीतर एखादं एम.सी.बी. पडलं आहे.

२. इन्व्हर्टरची पिन ज्या सॉकेटात आहे तिथे नजर टाका. पिन सैल आहे का? प्लास्टिक पिवळं-काळं पडलंय का? करपट वास येतो का? कोरड्या हाताची मागची बाजू प्लगच्या प्लास्टिकजवळ नेऊन बघा. चांगलाच गरम लागला, तर तिथेच थांबा. इन्व्हर्टर घरातल्या पंख्यादिव्यांचा भार आणि बॅटरीचं चार्जिंग दोन्ही त्याच पिनेतून ओढतो. त्याला मोठ्या पिनेचं, १६ अँपियरचं सॉकेट बरं. पुष्कळ घरी तो लहान सॉकेटात, नाहीतर एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला असतो.

३. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक लहान खटका असतो. एका बाजूला यू.पी.एस. आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. यू.पी.एस.वर इन्व्हर्टर साधारण १८०च्या खाली किंवा २६०च्या वर गेलं की लगेच बॅटरी धरतो. नॉर्मलवर साधारण १०० ते २९०पर्यंत सोसतो. कॉम्प्युटर चालवायचा असेल तर यू.पी.एस. बरं. नुसते दिवे-पंखे असतील तर नॉर्मल पुरतं. पण ध्यानात ठेवा, खटका बदलून टक्‌टक् थांबली तरी व्होल्टेज का पडतं हा प्रश्न उरतोच.

४. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक वही करा. दुधाच्या हिशेबाची चालेल. आठ दिवस प्रत्येक टक्‌ची वेळ आणि त्या वेळी घरात काय चालू होतं, ते लिहा. रोज संध्याकाळी सात ते नऊ असेल आणि शेजारणीकडेही दिवे मंदावत असतील, तर व्होल्टेज बाहेरूनच कमी येतंय. वीज कंपनीकडे १९१२ या नंबरावर तक्रार नोंदवा. आपलाच मिक्सर, गीझर किंवा पाण्याची मोटर लावली की होत असेल, तर घरच्या वायरिंगमध्ये कुठेतरी जोड ढिला आहे. वेळेचा मेळच लागत नसेल, तर पिन-सॉकेटाचा नाहीतर खुद्द इन्व्हर्टरचा संशय घ्या.

५. एक खूण मात्र धोक्याची. एका खोलीतला दिवा मंद आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीतला नेहमीपेक्षा झगझगीत दिसला, तर वही-बिही बाजूला ठेवा. न्यूट्रल वायर सुटली असण्याचा संभव असतो. फ्रीज, टीव्ही जळायला वेळ लागत नाही. ताबडतोब मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, वीज कंपनीलाही कळवा.

इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या दिव्यापंख्यांच्या वायरीत वीज असतेच. बॅटरीतून येते ती! म्हणून वायरमन काम करायच्या आधी मेन स्विच आणि इन्व्हर्टरचं पुढचं बटण, दोन्ही बंद झालंय ना, हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा.

मिरजेच्या ताईंना मी हे सगळं आधीच कळवलं होतं. त्यांनी खरोखरच वही घातली आणि आठ दिवसांनी पानं पाठवली. ३१ नोंदींपैकी २४ मिक्सरच्या किंवा इस्त्रीच्या. आणि दर वेळी फ्रीजमधला दिवा मंद. ती वही त्यांनी यजमानांपुढे ठेवली. वाद घातला नाही, नुसती ठेवली. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. पॅसेजमधल्या ज्या बोर्डातून स्वयंपाकघराची आणि इन्व्हर्टरची लाइन निघते, तो उघडला, तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि वायरचं कव्हर दोन बोटं जळून काळं झालेलं. आणि तो बोर्ड होता कुठे? गाद्या-रजयांच्या कपाटामागे. वायर आणि मजुरी धरून साडेतीनशे रुपयांत काम झालं. टक्‌टक् त्याच दिवशी थांबली.

आधीचे १४ हजार गेले ते गेलेच. पण एखाद्या रात्री त्या रजयांनी पेट घेतला असता तर, हा विचार मनात आला की अंगावर काटा येतो.

शिवाय जुनी बॅटरीही बिचारी हकनाक गेली असेल. दिवसातून अनेकदा थोडी थोडी उतरायची, पुरती भरायची कधीच नाही. अशाने चांगल्या बॅटरीचंही आयुष्य घटतं. तेव्हा नवी बॅटरी आणली असेल तर तिची काळजी घ्या. पाण्याची बॅटरी असेल तर दोन-तीन महिन्यांनी पातळीची खूण बघा. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही खुणेपर्यंतच. नळाचं, फिल्टरचं नको. हे काम करताना हातातल्या धातूच्या बांगड्या काढा आणि मंगळसूत्र आत खोचा. दोन टोकांना धातू टेकला तर ठिणगी उडते आणि जबर भाजतं. आतलं पाणी आम्लाचं असतं. अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा, आणि डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टर गाठा. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती बंद कपाटात ठेवू नका. दसऱ्याला तिची पूजा जरूर करा, पण हळदकुंकवाने. निरांजन आणि उदबत्ती लांबच राहू दे.

घरात नेब्युलायझर लागणारं माणूस असेल, तर महिन्यातून एकदा दिवसा इन्व्हर्टरचा मेनकडचा स्विच बंद करून बघा, बॅटरी किती वेळ तग धरते ते. रात्री दोनला कळण्यापेक्षा दुपारी दोनला कळलेलं बरं.

आणि ताई, ती वही टाकू नका. कपाट पुन्हा भिंतीला लावायच्या आधी बोर्डासमोर हातभर जागा मोकळी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी वास आला तर लगेच कळेल.