‘उत्तम अनुभवासाठी क्रोम वापरा’

गेल्या दिवाळीत सांगलीला घरी गेले, तेव्हा बाबा चष्मा कपाळावर ढकलून कॉम्प्युटरसमोर बसले होते. विम्याच्या हप्त्याचा फॉर्म त्यांनी तीनदा भरला होता आणि तिन्ही वेळा ‘पुढे जा’चं बटण ढिम्म. “अगं, माझंच काहीतरी चुकतंय,” ते म्हणाले. मी वाकून पाहिलं. पानाच्या तळाशी बारीक करड्या अक्षरांत एक ओळ होती: उत्तम अनुभवासाठी क्रोम वापरा. बाबांकडे फायरफॉक्स होता. मीच दोन वर्षांपूर्वी टाकून दिलेला.

बाबांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं माझ्यासारख्या कुणाचं तरी. आणि ‘माझ्यासारख्या’ म्हणताना माझी जीभ चाचरते, कारण तशीच ओळ मी स्वतः लिहिलेली आहे. ऑफिसात बग आला होता: फायरफॉक्समध्ये तारीख निवडता येत नाही. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला असता आणि रिलीज दुसऱ्या दिवशी. मॅनेजरने विचारलं, “किती लोक वापरतात?” मी आकडा सांगितला. तो हसला. मी तिकीट बंद केलं आणि फॉर्मखाली ती ओळ चिकटवली. त्या किरकोळ आकड्यात कुणाचे तरी बाबा असतात, हे मला सांगलीत कळलं.

म्हणून हे भांडण आधी माझ्याच जमातीशी आहे. आणि मग तुमच्याशी, ‘ब्राउझर काय, सगळे सारखेच’ म्हणणाऱ्यांशी.

सगळे सारखेच, हे दुर्दैवाने खरं होत चाललंय. ब्राउझरचा जीव त्याच्या इंजिनात असतो. वेबसाइटचा कोड वाचून पडद्यावर पान उभं करणारा भाग म्हणजे इंजिन. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या नव्या एजमध्ये सोडलं. दोघेही क्रोमियमवर गेले, म्हणजे मुख्यतः गूगल जो कोड लिहितं त्यावर. ब्रेव्ह आणि विवाल्डीही तिथलेच. पाट्या वेगळ्या, भटारखाना एक. बाहेर मोठे असे दोनच उरले: ॲपलच्या सफारीचं वेबकिट आणि मोझिलाच्या फायरफॉक्सचं गेको. विंडोजवर सफारी येत नाही. म्हणजे तुमच्या घरच्या पीसीवर खरी निवड दोघांतच: क्रोमियम किंवा फायरफॉक्स.

एकच भटारखाना असला तर काय बिघडलं? हा प्रयोग आपण एकदा करून बसलोय. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये. जवळजवळ सगळं मैदान त्याचंच होतं, त्यामुळे पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडलं. मधल्या काळात लोकांनी फक्त त्याच्यासाठी साइट लिहिल्या. २००४ मध्ये फायरफॉक्स आला म्हणून ती कोंडी फुटायला लागली. एक्सप्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला, तरी त्या जुन्या साइटसाठी एजमध्ये आजही वेगळा ‘आयई मोड’ ठेवावा लागलाय. एका आळसाची परतफेड वीस वर्षं चालू आहे.

“पण क्रोम मस्त चालतो की!” चालतोच. २००८ मध्ये तो आला तेव्हा त्याने सगळ्यांना पळायला लावलं. त्याची डेव्हलपर टूल्स मी रोज वापरते. माझा प्रश्न वेगाचा नाही, पोट कशावर चालतं याचा आहे. गूगलचं पोट जाहिरातींवर चालतं, आणि त्याची सावली ब्राउझरवर पडते. एका साइटवर पाहिलेला मिक्सर तुमचा चार साइटवर पाठलाग करतो, त्यामागे बऱ्याचदा थर्ड-पार्टी कुकी असतात. फायरफॉक्सने ओळखीच्या ट्रॅकर्सच्या कुकी २०१९ मध्ये सगळ्यांसाठी आपोआप अडवल्या, सफारीने २०२० मध्ये सरसकट. क्रोमने २०२० मध्येच ‘दोन वर्षांत बंद करू’ म्हटलं, तारीख पुढे ढकलत नेली आणि २०२४ मध्ये बेत बदलला.

एक्स्टेंशनचंही तेच. पूर्वी जाहिरात अडवणारं एक्स्टेंशन दारातल्या वॉचमनसारखं काम करायचं: येणाऱ्या प्रत्येकाला पाहून तिथल्या तिथे ठरवायचं. क्रोमच्या नव्या नियमांत त्याने आधीच यादी द्यायची आणि दारात ब्राउझर उभा राहणार. सुरक्षेसाठी, असं गूगलचं म्हणणं, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण परिणाम असा की मूळ यूब्लॉक ओरिजिन आता क्रोममध्ये चालत नाही, त्याची हलकी आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये मूळचं चालतं.

आता सगळ्यात नेमका टोमणा: मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलकडूनच येतं ना? हो. गूगल सर्च डीफॉल्ट ठेवण्याबद्दल. प्रतिस्पर्ध्याच्या चेकवर जगणारा हा स्पर्धक आहे, आणि मला ते लाजिरवाणं वाटतं. पण तो आकडाही बघा. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं, की डीफॉल्ट जागांसाठी गूगलने २०२१ या एका वर्षात ब्राउझर आणि फोन कंपन्यांना २६०० कोटी डॉलरहून अधिक दिले. आपण सेटिंग बदलत नाही, या भरवशाची ही किंमत आहे. ‘काय फरक पडतो’ असं तुम्ही म्हणता. पैसे मोजणाऱ्याला फरक पक्का ठाऊक आहे.

फोनवर तुमचे हात बांधलेले असतात. अँड्रॉइडवर बहुधा क्रोम आधीच बसलेला असतो. भारतात आयफोनवर कुठलाही ब्राउझर घ्या, आत वेबकिटच. घरचा कॉम्प्युटर ही त्यातल्या त्यात मोकळी जागा. तिथे फायरफॉक्स टाका, त्यात यूब्लॉक ओरिजिन. पासवर्ड आणि बुकमार्क काही मिनिटांत इकडून तिकडे येतात. आठवडाभर आपली बँक, वीजबिल, यूट्यूब त्यावरच चालवा आणि मग ठरवा. एखादी साइट अडली तर विंडोजमध्ये एज असतोच, तेवढ्यापुरता वापरा. पण त्या साइटला तक्रार जरूर लिहा. तक्रार आली नाही की माझ्यासारखी इंजिनिअर ‘कुणी वापरतच नाही’ म्हणून मोकळी होते, आणि मग खरंच कुणी वापरेनासं होतं.

बाबांचा हप्ता त्या दिवशी एजमधून भरला. सुट्टी संपवून परत आल्यावर मी ते जुनं तिकीट उघडलं. दुरुस्तीला तीन तास लागले. आमच्या फॉर्मखालची ओळ काढून टाकली.

विमावाल्यांची अजून आहे. बाबांनी त्यांना मराठीत शुद्ध, सविस्तर तक्रार धाडली आहे. उत्तर आलेलं नाही. परवा फोनवर म्हणाले, “पुढचा हप्ता येईल तेव्हा आधी कोल्ह्यातच बघतो. नाही चाललं तर परत लिहितो.”