मेनफ्रेमचे आगाऊ मृत्युलेख

हिंजवडीत नव्याने रुजू झालेल्या मुलाला ‘मेनफ्रेमवर टाकलंय’ असं कळलं की त्याचं तोंड उतरतं. मित्र तर सांत्वनालाच येतात! बँकांचे व्यवहार सांभाळणाऱ्या या मोठ्या संगणकाच्या सुतकाची परंपरा जुनी आहे. ‘इन्फोवर्ल्ड’च्या स्टुअर्ट ऑल्सप यांनी १९९१ मध्येच सांगून टाकलं होतं, की शेवटचा मेनफ्रेम १५ मार्च १९९६ रोजी बंद पडेल. मुहूर्त टळला आणि पुढे ऑल्सप यांनीच हार कबूल केली.

‘यंत्रच जुनाट’ म्हणणारे यंत्र आणि त्यावरचा प्रोग्रॅम यांची गल्लत करतात. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० आणली ती मुळी या बोलीवर, की यंत्र बदललं तरी प्रोग्रॅम बदलावा लागू नये. म्हणून कोबोल भाषेतला जुना प्रोग्रॅम आयबीएमच्या २०२५ च्या झेड१७ मेनफ्रेमवरही चालवता येतो, आणि त्या झेड१७ च्या चिपमध्ये व्यवहार चालू असतानाच लबाडी हेरण्याची सोय आहे.

क्लाउड हे सगळं स्वस्तात करेल म्हणे. व्हिडिओ दाखवेल, शोध घेईल, खुशाल घ्यावा. पैशाचा हिशेब वेगळा. नेहमीच्या बायनरी अपूर्णांकात ०.१ नेमका मांडताच येत नाही. मेनफ्रेमचा प्रोसेसर दशमान आकडेमोड हार्डवेअरमध्येच करतो. एखादा प्रोसेसर बिघडला तर राखीव प्रोसेसर काम उचलतो आणि चालू प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

घर बदलण्याची किंमतही बघा. ब्रिटनची टीएसबी बँक एप्रिल २०१८ मध्ये लॉइड्सची जुनी यंत्रणा सोडून नव्या मंचावर गेली. खात्यांची माहिती नीट पोचली. कोसळला तो नवा मंच. ग्राहकांना आपलीच खाती उघडेनात. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ मध्ये चार कोटी शहाऐंशी लाख पौंडांहून अधिक दंड बसला.

जाणकार निवृत्त होताहेत, हा आक्षेप मात्र खरा. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना साद घालावी लागली. पण बँकेचे नियम त्या कोबोलमध्येच मुरलेले असतील, तर जावासारख्या नव्या भाषेत पुन्हा लिहिणाऱ्यालाही आधी तोच वाचावा लागणार. तेव्हा माणसं घडवण्यावाचून सुटका नाही, मेनफ्रेम ठेवा की काढा.

खरी फिर्याद भाड्याची आहे. सॉफ्टवेअरचं बिल बऱ्याचदा वापर मोजून लागतं, आणि मेनफ्रेम बनवणाऱ्या प्रतिस्पर्धी फुजित्सूने तर २०३० मध्ये मेनफ्रेमची विक्री थांबवण्याचं जाहीर केलंय. मग आयबीएमशी दरावरून भांडणार कोण?