एक आणा, एक पुस्तक आणि ‘मनं घर शे’

१/ #थ्रेड
१८६०च्या दशकात मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यावर एक नवा कर बसला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा, नाव ‘लोकल फंड’. त्यातील दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना आणि एक हिस्सा शाळांना. चोपड्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकवणारा शेतकरी हा आणा भरत होता. त्या पैशातून त्याचे मूल वाचायला शिकले का?

२/ काळ ध्यानात घ्यावा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना खानदेशी कापूस हवा होता. त्याच्या दहाच वर्षे आधी, १८५२ साली, शेजारच्या यावल-सावदा-फैजपूर भागात शेतकरी जमीन मोजणीच्या विरोधात उठले होते. सरकारची मोजणीची साखळी गावात आधी आली, शाळा मागाहून. सरकार मोजण्यात वाकबगार असते. पुढची सारी कथा याच गुणाभोवती फिरते.

३/ १८५४चा वुडचा खलिता आला आणि १८५५ साली शिक्षण खाते उभे राहिले. पंतोजीची धूळपाटी मागे पडून छापील क्रमिक पुस्तक पुढे आले. या पुस्तकांची मराठी मेजर थॉमस कँडी आणि त्यांच्याभोवतीचे शास्त्री-पंडित तपासून शुद्ध करत. शुद्ध म्हणजे पुण्याची. त्यात वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही, छापायला एक प्रमाण लागतेच. पण तापीकाठच्या मुलाला पहिल्याच पानावर अक्षराबरोबर एक परकी बोलीही शिकावी लागली, याची नोंद कोणत्याही खतावणीत झाली नाही.

४/ नोंद कशाची झाली? परीक्षेची. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरवण्याचा नियम आणला. मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांना निकालावर पैसे देण्याची पद्धत रुजली. इंग्लंडमधील परिणाम मॅथ्यू अर्नोल्ड यांनी शाळातपासनीस म्हणून प्रत्यक्ष पाहिला आणि त्यावर कडाडून टीका केली: मुले पुस्तक वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. आपल्याकडे डिपोटीसाहेब यायच्या आदल्या आठवड्यात वर्गात काय चालत असेल, हे सांगायला इतिहासकार नको.

५/ १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती शिक्षकाविषयीची. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. वेळ पडल्यास नांगराची मूठ धरायला ते लाजणार नाहीत. आणि त्यांना पगार चांगला द्यावा: निदान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २०.

६/ म्हणजे पैसा कुठे घालावा, याचे उत्तर १८८२ सालीच मिळाले होते. आधी मुलाचे बोलणे समजणाऱ्या माणसात, मग इमारतीत आणि परीक्षेत.

७/ पुढचा इतिहास झरझर सांगतो. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे शिक्षण लागू केले. गोखल्यांचे १९११चे विधेयक पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत शिक्षण आणले. स्वातंत्र्यानंतर १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी. १९६७ साली बालभारती स्थापन झाली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानेही ‘व्यवहार्य असेल तेथवर’ मातृभाषा म्हटले. या ‘तेथवर’मध्ये सातपुडा बसत नाही.

८/ आता चोपडा तालुका पाहा. मैदानी गावांत अहिराणी, गुजर घरांत गुजरी. उत्तरेला लासूर-वैजापूरकडे चढत गेलात की पावरी, बारेली, भिल्ली. कागदोपत्री मात्र हा सगळा मुलूख ‘मराठी माध्यम’.

९/ फळ्यावर लिहिले आहे: ‘माझे घर आहे.’ अहिराणी घरातले मूल बोट ठेवते आणि म्हणते: ‘मनं घर शे.’ गुरुजी म्हणतात, चूक. थांबून विचार करा. त्या मुलाने अक्षरे ओळखली, अर्थ लावला आणि तो आपल्या भाषेत सांगितला. वाचन म्हणतात ते हेच. शेजारचे मूल ‘मा-झे-घ-र-आ-हे’ असे खणखणीत म्हणते, पण त्यातून त्याच्या डोळ्यांपुढे कोणतेच घर उभे राहत नाही, ते उत्तीर्ण. पावरी मुलाची वाट तर आणखी खडतर, कारण त्याची बोली भिलीच्या कुळातली. अक्षर जुळवून जो शब्द तयार होतो, तो त्याच्या कानाने कधी ऐकलेलाच नसतो.

१०/ याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता त्यांच्या बोलीसकट आपण पाठ्यपुस्तकात आदराने छापतो. पहिलीतल्या पोराने तसेच बोलले, की मात्र सुधारतो. (आणि मोठेपणी पुण्याला गेलेला खानदेशी माणूस स्वतःच ‘शे’ गिळून टाकतो. मीही गिळला आहे.)

११/ यावर काम झालेले नाही असे नाही. फलटणच्या मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकेतल्या, पुढे भारतीय नागरिक झाल्या. फलटणच्या बोलीचा त्यांनी भाषाशास्त्रीय अभ्यास केला आणि १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. त्यांची वाचनपद्धती साधी होती: सगळी मुळाक्षरे आणि बाराखडी पाठ होईपर्यंत मुलाला थांबवायचे नाही. थोडी अक्षरे, एक-दोन मात्रा, आणि लगेच अर्थाचे शब्द, लगेच वाक्य.

१२/ २०२१ साली केंद्राने ‘निपुण भारत’ आणले. २०२६-२७पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ध्येय. ध्येय उत्तम. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या २०२२ साली केवळ १६.३ टक्के आणि २०२४ साली २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. प्रगती आहे आणि ती नाकारणे कोतेपणाचे होईल. पण ‘निपुण’चे माप पाहा: दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०. समजून वाचण्याची अट सोबत आहे, पण घड्याळाने मोजता येतात ते शब्दच. डिपोटीसाहेब परत आले, या खेपेला हातात मोबाइल घेऊन.

१३/ २०२५ साली तर कमाल झाली. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो बदलला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले. राज्यभर रान पेटले आणि ते योग्यच होते. पण त्या साऱ्या वादात ‘आपल्या मुलांची मातृभाषा मराठी’ हे गृहीतच होते. पावरी मुलाला मराठी हीच शाळेत भेटणारी नवी भाषा, इंग्रजी २०००पासून पहिलीतच, त्यावर हिंदी चौथी. हा हिशोब कोणत्या चर्चेत ऐकला?

१४/ आक्षेप येईल: ‘पालकांनाच बोली नको आहे. त्यांना मराठी हवी, खरे तर इंग्रजीच हवी.’ आक्षेप खरा आहे. मोलमजुरी करणाऱ्या बापाला बोलीचे कौतुक परवडत नाही आणि त्याने करावे असे सांगणारे आपण कोण? पण बोलीत कोंडून ठेवा असे म्हणणे नाहीच. प्रमाण मराठीपर्यंत पोचायला पूल लागतो आणि तो मुलाच्या काठापासून बांधावा लागतो. दुसरा आक्षेप: एका वर्गात तीन बोली असल्या तर? तर तीन पाठ्यपुस्तके नकोत. तिन्ही ऐकून समजणारा एक कान हवा.

१५/ तो कान फुकट मिळत नाही. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. डोंगरातल्या पाड्यावर पट लहान, म्हणून माणसे कमी, आणि आलेला शिक्षक बदलीची वाट पाहणारा. माझे म्हणणे एवढेच: पहिली-दुसरीच्या वर्गाला पटाच्या हिशोबातून वगळा. तेथे सर्वांत अनुभवी शिक्षक द्या आणि त्याला निदान तीन वर्षे हलवू नका. बोली शिकणाऱ्याला भत्ता द्या. पाड्यावरच्या बारावी झालेल्या मुलीला मदतनीस म्हणून कायम पगारावर घ्या, मानधनावर नव्हे. १८८२ साली १२ रुपये मागितले होते. आजचा आकडा अर्थखात्याने काढावा. आणि ‘मनं घर शे’ म्हणणाऱ्या मुलापुढे तपासणीच्या तक्त्यात ‘वाचता येते’ अशी खूण करावी.