आधी वायर, मग वायफाय

(घरातलं तंत्र : साप्ताहिक सदर)

नेट अडखळलं की आपल्याकडे उपाय ठरलेला : प्लॅन वाढवा. शंभर एमबीपीएसचे दोनशे, दोनशेचे तीनशे. बिल वाढतं, मागच्या बेडरूममधली मीटिंग मात्र अडकायची ती अडकतेच. कारण बहुतेक वेळा खोट बाहेरच्या फायबरमध्ये नसते. फायबर घरात शिरल्यानंतरच्या तीस-चाळीस फुटांत असते. ते फूट आपल्या ताब्यातले आहेत, आणि आपण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

जोडणीला आलेला मुलगा दारातून वायर आत घेतो आणि जवळच्या प्लगपाशी, बहुधा टीव्हीच्या मागे, राउटर बसवून मोकळा होतो. 5 गिगाहर्ट्झचा बँड वेगवान, पण दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट आडवं आलं की मान टाकतो. 2.4चा लांब पोचतो, पण त्यावर अख्ख्या सोसायटीची गर्दी. तेव्हा पहिला उपाय फुकटातला : राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्याला, उंचावर ठेवा.

दुसरा उपाय म्हणजे वायर. माझा नियम साधा आहे : जे हलत नाही त्याला वायर, जे हातात फिरतं त्याला वायफाय. टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना कॅट-6 केबल द्या. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. टू-बीएचकेत एवढं अंतर येतंच कुठे? पोर्ट कमी पडले तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच लावा, त्याला सेटिंगही लागत नाही.

केबलचा जॅक मात्र स्वतः बघा. आत आठ तारा असतात, चार जोड्या. शंभर एमबीपीएसला चार तारा पुरतात. त्यामुळे घाईत कुणी चारच दाबल्या तरी नेट सुरू होतं, आणि तीनशेचा प्लॅन शंभराच्या आतच घुटमळतो. कॉम्प्युटर लिंक स्पीड 100 दाखवत असेल, तर पारदर्शक जॅकमधून आठही रंग टोकाला टेकलेत का ते पाहा. टेकले असतील तर केबल मध्येच कुठे खराब असेल, किंवा राउटरचा अथवा कॉम्प्युटरचा पोर्टच जुन्या पद्धतीचा असेल.

मागच्या खोलीसाठी रिपीटर घेण्याआधी जुना राउटर शोधा. साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. जुना राउटर वायरने जोडून अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. मोड बदलला नाही, तर दोन्ही राउटर आपापले आयपी पत्ते वाटतात आणि हॉलमधला प्रिंटर बेडरूममधल्या लॅपटॉपला सापडेनासा होतो.

आणि राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बदला. 2016 साली मिराई या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते मुख्यतः कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या जोरावर. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा.

माझी खरी तक्रार बिल्डरांशी आहे. एसीचा पॉइंट, गीझरचा पॉइंट सगळं नकाशात असतं. नेटसाठी प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकायचं मात्र फारसं कुणाला सुचत नाही. ताबा घेण्याआधी तो मागून घ्या. घराचं काम काढलं असेल तर रंगारी यायच्या आत इलेक्ट्रिशियनकडून टाकून घ्या, विजेच्या पाइपपासून वेगळा. रंग झाल्यावर तेच काम भिंत फोडून करावं लागतं.

– तारकरी