व्हीलचेअरवरची ओपनर

आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचा वर्ल्डकपसोबतचा फोटो तुमच्याही स्टेटसला होता ना? त्या रात्रीचे बाकीचे फोटो पुन्हा बघा. जल्लोषात एक व्हीलचेअर दिसेल. तीत बसलीय प्रतिका रावल.

सलग तीन मॅच हरून आपण जवळपास बाहेर पडलो होतो. २३ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध स्मृती १०९, प्रतिका १२२. सलामीलाच २१२! सेमीफायनल पक्की झाली. आणि तीनच दिवसांनी बांगलादेशविरुद्ध फिल्डिंग करताना प्रतिकाचा पाय मुरगळला. स्पर्धेत ३०८ धावा केलेली ओपनर ऐन नॉकआऊटच्या तोंडावर गेली.

मूळ पंधरात नसलेली शफाली वर्मा आली. सेमीफायनलला तिच्या दहाच धावा. तेव्हा जेमिमा रॉड्रिग्स उभी राहिली, नाबाद १२७. फायनलला मात्र शफालीने ८७ काढल्या, वर दोन विकेट. ५२ धावांनी जिंकलो.

पण पदकं पंधरा जणींनाच, आणि बदली खेळाडू आल्यावर प्रतिका त्या यादीतच नव्हती. त्या रात्री तिच्या गळ्यात पदक नव्हतं. नियम असेल, पण पटत नाही बुवा.

आपल्या सातारा-सांगलीच्या कॉलेज टीममध्ये तरी वेगळं काय होतं? गुडघा गेला की पोरगी प्रॅक्टिसला दिसत नाही, मग व्हॉट्सॲप ग्रुपवरही कुणी तिला टॅग करत नाही. यंदा ट्रॉफीचा फोटो काढाल तेव्हा तिला घरून घेऊन या. प्लास्टर असेल तर रिक्षा करा. भाडं टीमने काढायचं.